इथे दवाखाना जवळ आहे

माझ्या भावाचं लग्न जमत नव्हतं. पगार बरा, चेहरा बरा, व्यसन कसलं नाही. पत्रिका आमच्यात कोणी पाहत नाही, त्यामुळे शनी-मंगळावर खापर फोडायचीही सोय नव्हती. अडचण होती ती पत्त्याची. गोंदिया-भंडाऱ्याकडून मुलीकडचे यायचे, रायपूर स्टेशनवर उतरून खूश व्हायचे, रुंद रस्ते आणि उड्डाणपूल बघत बघत आमच्या बीरगावला पोचायचे. मग आमच्या बैठकीत पंखा लावला की पात्यांवरून काळी पूड खाली यायची. ते ती बघायचे, पोहे खायचे, चहा घ्यायचे आणि "कळवतो" म्हणून उठायचे. कळवलं आजवर कोणीही नाही.

बीरगावला लागूनच उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीचे लोखंडाचे कारखाने आहेत. बाबा तरुणपणी भंडाऱ्याकडून इथे भट्टीवर कामाला आले, रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले, आणि त्याच पैशातून त्यांनी हे घर बांधलं. मी आणि भाऊ या घरात वाढलो. हवेतून जे पडतं त्याला आमच्याकडे सगळे डस्ट म्हणतात. ती गच्चीवर असते, वाळत घातलेल्या कपड्यांवर असते, दह्याचं भांडं उघडं राहिलं तर दह्यावर असते. आमच्या गल्लीत घराला पांढरा रंग कोणी देत नाही. पाय धुतल्याशिवाय अंथरुणावर चढायचं नाही, हा आईचा नियम आहे. तिचे बाकीचे नियम मोडले जातात, हा कोणी मोडत नाही, कारण चादर सगळं सांगते.

लहानपणी मला सारखा खोकला असायचा. लग्न होऊन मी नव्या रायपूरच्या, म्हणजे शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या राजधानीच्या, सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेले आणि पावसाळा संपेपर्यंत खोकला पार गेला. "पोरीले सासर मानवलं," असं आई गल्लीभर सांगत फिरली. मलाही ते खरं वाटलं, हसू नका. सासर किती मानवलं ते माझं मला माहीत. मानवली होती ती हवा.

पण नव्या रायपूरचीही गंमत ऐका. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर पोचत नाही, आणि मुळात पलीकडे माणूसच नसतो. संध्याकाळी दिवे कोणासाठी लागतात देव जाणे. कोथिंबिरीची जुडी आणायची तर स्कूटर काढावी लागते. बाबांना मी एकदा राहायला आणलं होतं. ते दिवसभर बाल्कनीत बसून राहायचे आणि खालून कोणी गेलं तर उठून उभे राहायचे. आठवडाही झाला नव्हता तर म्हणाले, "इथं माणूस मेला तर कोणाले कळन? मले घरी सोडून दे." मी सोडून आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांना चार जणांनी अडवून विचारलं की कुठे होता इतके दिवस, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तर अशात गोंदियाकडचं एक स्थळ आलं. मुलीनं डी.एड. केलेलं, वडील एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. दोघांचे फोन सुरू झाले. माझा भाऊ घरात आमच्या मराठीला हिंदीत उत्तर देणारा, एका शब्दात संपवणारा माणूस. तो गच्चीवर फोन घेऊन तासभर हसत फिरायला लागला. मुलीशी बोलताना तो अडखळत अडखळत मराठी बोलायचा, हे आईनं जिन्यात उभं राहून ऐकलं आणि मला फोन करून सांगितलं. सांगताना ती रडली. तिचा जीव या एका गोष्टीत अडकला होता. हे स्थळ गेलं तर पोरगा असाच राहील, हे ती उघड म्हणायची आणि आम्ही तिला गप्प करायचो, पण आम्हालाही तेच वाटत होतं.

मग निरोप आला की मुलीचे वडील बुधवारी चौकशीला येणार.

आमच्याकडे मुलगी बघणं वेगळं आणि चौकशी वेगळी. होकार देण्याआधी मुलीकडचा एखादा जाणता माणूस येतो, पण सरळ घरी येत नाही. आधी गल्लीतल्या चहाच्या ठेल्यावर बसतो, किराणा दुकानात काहीतरी घेतो, शेजारी दोन-तीन दारं ठोठावतो. पोरगा पितो का, सासू कशी आहे, घरात भांडणं होतात का, हे सगळं विचारून झालं की मग मुलाच्या दारात उभा राहतो. हे गुपचूप करायचं असतं, आणि तो कधी येणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. मध्यस्थ सांगितल्याशिवाय राहत नाही.

आईनं कंबर कसली. मंगळवारी ती घरोघर फिरली. पोराबद्दल विचारलं तर खरं काय ते सांगा, पोरगा माझा चांगलाच आहे, पण शहराबद्दल विचारलं तर फक्त चांगलं चांगलं सांगा, एवढंच तिचं मागणं होतं. गल्लीनं ते मनावर घेतलं. घेणारच, कारण जवळपास प्रत्येक घरात लग्नाचा एक पोट्टा बसलेला आहे. आमच्याकडचं जमलं तर त्यांच्याकडचंही जमेल, असा हिशेब सगळ्यांनी मनात केला असणार.

मी आदल्या दिवशी मदतीला गेले होते. मी आईला म्हटलं, "त्यायले डोळे नाहीत का? काय लपवून राहिली तू?"

"तू नव्या रायपूरात राहून लय हुशार झाली," आई म्हणाली. "पोतेरं घे अन् जिना पुस."

बुधवारी सकाळी तिनं गच्ची धुतली, खिडक्यांच्या जाळ्या धुतल्या, आणि मग ओलं फडकं घेऊन अंगणातल्या पेरूची पानं एकेक करून पुसायला लागली. मला आधी हसू आलं. नंतर तिचा तो हात वर करून, चवड्यावर उभं राहून चाललेला खटाटोप बघवेना. मीही एक फडकं घेतलं. आम्ही दोघी मायलेकी झाडाची पानं पुसत होतो, आणि मला कोणाचा तरी भयंकर राग येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं.

मुलीचे वडील आले ते त्यांच्या मेव्हण्याला घेऊन. आम्ही घरातच थांबलो, तसंच करायचं असतं. गल्लीत काय झालं ते नंतर एकेकानं मोठ्या अभिमानानं येऊन सांगितलं, म्हणून मला माहीत.

ठेल्यावरच्या भैयानं त्यांना चहा दिला आणि म्हणाला, "बहुत बढ़िया शहर है बाबूजी. आधी रात को भी डॉक्टर मिल जाता है." किराणा दुकानदार म्हणाला की इथे सगळं मिळतं, आता तर याच गल्लीत दोन मेडिकल स्टोअर झाले. शेजारच्या काकू आमच्याच तुमसरकडच्या, आईची जिवलग मैत्रीण. त्यांनी पाहुण्यांना आत बोलावून पाणी दिलं आणि सांगितलं, "लोकं लय चांगले आहेत इथले. पोराले दम लागला तर भाप द्यायची मशीन माझ्याच घरी आहे. अर्ध्या रात्री कोणी मागाले आलं तरी मी नाई म्हणत नाही. तुमच्या गावात कोण देते असं?" आणि समोरच्या छत्तीसगढी दीदी दारातूनच म्हणाल्या, "हव, बने हे. छाती के डॉक्टर सम्मार के इहें आथे, दूरिहा जाय बर नइ परय." हो, छान आहे, छातीचा डॉक्टर दर सोमवारी इथेच येतो, लांब जावं लागत नाही, हे त्यांना खरोखरच मोठं सुख वाटतं.

कोणी एक शब्द वाईट बोललं नाही. आईनं सांगितलं होतं तसंच सगळे वागले.

पाहुणे दारात आले, "जय भीम" म्हणाले, चपला काढून बसले. मुलीचे वडील बारीक अंगाचे, कमी बोलणारे, पण घरात आल्या आल्या त्यांनी जी नजर फिरवली ती ड्रायव्हरचीच. बसता बसता त्यांनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, सकाळीच पुसलेल्या चौकटीवरून, आणि ते बोट रुमालात गुंडाळून घेतलं. आईनं ते पाहिलं. ती पोह्यांवर खोबरं घालत होती, घालतच राहिली.

बाबांना खोकला आला. पाहुणे असले की ते मोरीत जातात, नळ पूर्ण सोडतात आणि मग खोकतात, म्हणजे बाहेर ऐकू येत नाही अशी त्यांची समजूत. आम्ही ती समजूत कधी मोडली नाही. नळ बराच वेळ चालू राहिला. बाबा तोंड पुसत परत आले तेव्हा पाहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"एक बोलू का?" ते म्हणाले. "राग नका मानू. मी खालपासून इचारत आलो, का शहर कसं आहे. सगळ्यायनं चांगलंच सांगितलं. पण सगळ्यायनं दवाखानाच सांगितला. शाळा कोणी सांगितली नाई, बाजार कोणी सांगितला नाई. डॉक्टर, मेडिकल, भापेची मशीन. मी इतके गावं फिरलो गाडी घेऊन, पण गावाची तारीफ इचारली अन् लोकायनं पहिले औषध सांगितलं, असं कुठंच नाई झालं."

मला वाटलं, आता "कळवतो" येणार.

ते आलं नाही. पाहुणे म्हणाले, "पोरगा मले पसंत आहे. तुमी लोकं पसंत आहा. पोरीची तर मर्जीच आहे. पण पोरगी या हवेत राहणार नाई. यानं शहरात दुसरीकडे कुठंतरी खोली पाहावी. पाहिली का मले फोन करा, आपण तारीख काढू."

"अन् आमी?" आई म्हणाली.

ते खाली बघून म्हणाले, "तुमचं मी कसं सांगू, बाई."

भाऊ उभा राहिला. "मैं मम्मी-पापा को यहाँ छोड़ के नहीं जाऊँगा, अंकल," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मुलीच्या बापासमोर तो मराठीत बोलायचं विसरला, यावरून त्याच्या मनात काय चाललं असेल ते मला कळलं. पाहुण्यांनी मान हलवली. विचार करा म्हणाले, बाबांचे हात हातात घेतले आणि निघाले.

संध्याकाळी आमच्या अंगणात सगळी गल्ली जमली. काय झालं ते कळल्यावर काकूंचा पारा चढला. "ह्या हवेत त्याची पोरगी राहत नाई म्हणते! अन् आमी काय माणसं नाई का? आमच्या पोरायनं श्वास घेतलाच ना इथं?" दुकानदार म्हणाला की इतकं नाजूक असेल तर मुलीला काचेत ठेवा. दीदी म्हणाल्या की शहर सोडून जायचं कुठे, गावात काम कोण देतंय? आणि तेही खरंच आहे. बीरगावात येऊन उपाशी राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही. बाबा नेहमी सांगतात की गावात आपली वस्ती वेगळी होती, विहीर वेगळी होती, आणि इथे आल्यावर पहिल्याच दिवशी ते सगळ्यांच्या रांगेत उभे राहून सगळ्यांच्या नळावर पाणी प्यायले. त्या पाण्याच्या घोटावर त्यांनी सगळं आयुष्य इथे काढलं. त्याला कोणी कमी लेखलेलं मला चालणार नाही.

मलाही राग आला होता, काकूंपेक्षा जास्त. आमच्या आईनं पुसलेल्या चौकटीवरून बोट फिरवणारा हा कोण? पण रागाच्या तळाशी मला नीट दिसत होतं की तो माणूस बरोबर बोलला, आणि बरोबर बोलला म्हणूनच इतकं झोंबलं. जी हवा त्याच्या मुलीला चालत नाही ती माझ्या आईला कशी चालते, हे विचारायला हवं होतं, आणि ते विचारायचं कोणाला? आम्ही आपसातच भांडत बसलो. आई काकूंना म्हणाली, "तुले मशीनचं सांगायची काय गरज होती?" काकू म्हणाल्या, "तूच म्हटलं ना चांगलं सांग, मी चांगलंच सांगितलं!" आणि उठून गेल्या. मग दोघींचं बोलणं बंद झालं.

भावानं फोन घेणं सोडलं. मुलीचे फोन येत राहिले, तो फोन उलटा करून ठेवायचा. गच्चीवर जाणं बंद. कामावरून यायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. आईनं एकदा सांगून पाहिलं, "जा ना बापू, राहा तिकडं, आमी येऊन जाऊन करू." त्यानं ताट सरकवलं. मग तिनं मला सांगितलं की त्याला समजाव. मी समजावायला गेले तर मला म्हणाला, "दीदी, तू तो निकल गई ना. तू मत बोल." मी निघाले होते हे खरं होतं, आणि तेही लग्नामुळे, माझं कर्तृत्व त्यात काही नव्हतं.

सगळ्यांनी मिळून दुसरीकडे जायचं, हेही बोलून झालं. हे घर विकत कोण घेणार? ज्यांना माहीत आहे ते घेणार नाहीत, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना आम्ही खोटं सांगणार का? बाबांना ते कबूल नव्हतं. भाड्याचं मोठं घर पेन्शनीत झेपणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बाबांना आपली गल्ली सोडायची नव्हती.

एका रविवारी मी गेले तर दार उघडं आणि आतून भावाचा आवाज. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बैठकीत बाबांनी भावाची मोठी बॅग उघडून ठेवली होती आणि ते त्याचे शर्ट घड्या करून आत ठेवत होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली ते स्वतः जाऊन बघून आले होते, आम्हाला कोणालाही न सांगता, दोन रिक्षा बदलून. मालकाशी बोलले होते. घराला झाड आहे, म्हणाले.

भाऊ ओरडत होता. "उस आदमी ने हमारे घर में बैठ के आपकी बेइज्जती की. और आप मेरा सामान बाँध रहे हो?"

बाबा घडी घालायचे थांबले नाहीत. "बेइज्जती नाई केली त्यानं."

"तो क्या किया?"

बाबांना धाप लागली होती. ते बॅगेच्या कडेला हात टेकून बसले, श्वास जागेवर येईपर्यंत थांबले.

"तो एका दिवसासाठी आला," ते म्हणाले. "एका दिवसात त्यानं पाहिलं, अन् आपल्या पोरीसाठी हवा मागून घेतली. मी तुमाले दोघायले इथं लहानाचं मोठं केलं. तुमच्यासाठी मी कोणालेच कधी काई मागितलं नाई."

आई दारातून पुढे आली. तिला त्यांना सावरून घ्यायचं होतं, तेवढंच. "तेव्हा आपल्याले काय माहीत होतं?" ती म्हणाली.

बाबांनी शेवटचा शर्ट ठेवला आणि बॅगेची चेन लावली.

"माहीत होतं," ते म्हणाले.